निन्टेंडोची गंगाजळी : एका कन्सोल उत्पादक कंपनीच्या अर्थनीतीचा इतिहास (१९४९ ते २०१७)

प्रस्तावना

उद्योगसंस्थांच्या इतिहासात त्यांनी कोणती वस्तू घडविली आणि ती किती खपली याची नोंद ठळकपणे केली जाते. त्यांनी पैसा कोठे खर्च केला नाही, याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. जपानमधील क्योटो येथील निन्टेंडो या कंपनीच्या बाबतीत हा न झालेला खर्चच इतिहासाचा मुख्य धागा ठरावा, अशी स्थिती आहे. मारिओसारखे पात्र, गेम बॉयसारखे यंत्र यांविषयी विपुल लेखन झाले आहे. तथापि जवळजवळ कर्जाशिवाय चालणारी, जुळणीसाठी बाहेरच्या उत्पादकांवर विसंबणारी आणि ताळेबंदात प्रचंड रोकड पडून राहू देणारी ही कंपनी अर्थव्यवहाराच्या दृष्टीने प्रतिस्पर्ध्यांहून वेगळी का झाली, हा प्रश्न तुलनेने उपेक्षित राहिला आहे.

मार्च २००९ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात निन्टेंडोने ५५५.३ अब्ज येन इतका परिचालन नफा मिळविला. त्यानंतर तीनच वर्षांनी तिला ४३.२ अब्ज येनचा निव्वळ तोटा झाला. इतक्या अल्पावधीत एवढी घसरण झाली की कंपन्या सामान्यतः कर्ज काढतात, नोकरकपात करतात, एखादा विभाग विकतात किंवा स्वतःच विकल्या जातात. निन्टेंडोने यांपैकी जवळजवळ काहीच केले नाही. साठविलेल्या पैशामुळे हे शक्य झाले, असे उत्तर सहज देता येते. परंतु तो पैसा कोणत्या अनुभवातून, कोणाच्या खर्चाने आणि कशासाठी साठविला गेला, हे त्या उत्तरातून कळत नाही. या गंगाजळीने कंपनीला अपयश पचविण्याची मुभा मिळवून दिली. मात्र त्या मुभेची किंमत बऱ्याच अंशी इतरांनी मोजली, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

कन्सोल व्यवसायाचे गणित

कन्सोल म्हणजे दूरचित्रवाणी संचाला जोडून अथवा हातात धरून खेळण्याचे यंत्र. हे यंत्र ग्राहक पाच-सहा वर्षांतून एकदा घेतो. त्यावरचे खेळ मात्र तो पुनःपुन्हा विकत घेतो. त्यामुळे यंत्रावर अल्प नफा, प्रसंगी तोटाही, पत्करून अधिकाधिक घरांत ते पोहोचवायचे आणि पुढे खेळांच्या विक्रीतून व परवाना शुल्कातून तो पैसा वसूल करायचा, असा या व्यवसायाचा रिवाज पडला. दुसऱ्या कंपनीने आपल्या यंत्रासाठी खेळ तयार केला तर प्रत्येक प्रतीमागे यंत्रवाल्याला शुल्क मिळते, आणि खरा नफा तेथेच असतो.

या गणितातील धोका काळाशी निगडित आहे. यंत्राची रचना, चिपची मागणी, जुळणीचे करार आणि जाहिरात हा सर्व खर्च ग्राहकाची पसंती कळण्यापूर्वीच करावा लागतो. यंत्र खपले नाही तर त्यासाठी खेळ तयार करण्यास कोणी पुढे येत नाही, आणि खेळ नाहीत म्हणून यंत्र खपत नाही. अन्य उपभोग्य वस्तूंच्या धंद्यात एक वाईट वर्ष पुढच्या वर्षी भरून काढता येते. येथे एक वाईट यंत्र म्हणजे सलग चार-पाच वाईट वर्षे. साखर किंवा कापड यांच्यासारखी मागणीची निश्चित पातळी नसलेल्या अशा धंद्यात बँकेच्या कर्जावर उभी असलेली कंपनी आणि स्वतःच्या पैशावर उभी असलेली कंपनी यांच्यातील अंतर पहिल्या अपयशातच उघड होते.

पत्त्यांच्या धंद्यातील धडा

निन्टेंडोची स्थापना १८८९ मध्ये फुसाजिरो यामाउची यांनी केली. हानाफुदा हे जपानी पत्ते तयार करणे हा तिचा मूळ व्यवसाय. १९४९ मध्ये आजोबांच्या आजारपणामुळे २२ वर्षांच्या हिरोशी यामाउची यांना विद्यापीठातील शिक्षण सोडून कंपनीची सूत्रे हाती घ्यावी लागली. पुढे २००२ पर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ, ती त्यांच्याच हाती राहिली. १९५९ मध्ये डिस्नेच्या चित्रांचे पत्ते काढून त्यांनी जुगारापुरता मर्यादित असलेला पत्त्यांचा ग्राहक घराघरांत नेला आणि १९६२ मध्ये कंपनीचे समभाग शेअर बाजारात आणले.

हाती आलेल्या पैशाचे काय करावे, हा प्रश्न यामाउची यांना या काळात प्रथमच पडला असावा. त्यांनी टॅक्सीसेवा आणि झटपट तयार होणारा भात अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या धंद्यांत पैसा घातला. यांपैकी काहीही टिकले नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर पत्त्यांची मागणीही घसरली आणि समभागाची किंमत कोसळली. कंपनीला सावरले ते गुनपेई योकोई या यंत्रांच्या देखभालीसाठी नेमलेल्या अभियंत्याने फावल्या वेळेत तयार केलेल्या एका खेळण्याने. ‘अल्ट्रा हँड’ नावाचा हा लांबणारा पकड-हात १९६६ मध्ये बाजारात आला आणि त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.

त्याहून मोठा धडा १९७३ मध्ये मिळाला. बोलिंगची लाट ओसरल्यावर रिकाम्या पडलेल्या सभागृहांत प्रकाशाच्या बंदुकीने नेमबाजी करण्याची महागडी यंत्रणा बसविण्याचा उपक्रम निन्टेंडोने हाती घेतला. मागणीपत्रे आली, उत्पादनाची तयारी झाली, आणि त्याच वर्षीच्या तेलसंकटाने जपानी अर्थव्यवस्था हादरली. मागणीपत्रे रद्द झाली. कंपनीवर कर्ज मात्र राहिले. हे कर्ज फेडण्यास पुढे बरीच वर्षे लागली. १९८० मध्ये आलेल्या ‘गेम अँड वॉच’ या खिशातील खेळाने ते ओझे उतरविले. गणकयंत्रात वापरला जाणारा द्रवस्फटिकाचा स्वस्त पडदा हा या खेळाचा गाभा होता, आणि या मालिकेच्या एकूण ४ कोटी ३४ लाख प्रती जगभर खपल्या.

निन्टेंडोच्या पुढील अर्थनीतीचे मूळ सांस्कृतिक स्वभावात, विशेषतः क्योटोच्या व्यापारी परंपरेत शोधण्याची प्रथा आहे. त्या स्पष्टीकरणात काही तथ्य असेलही. परंतु ज्या माणसाने टॅक्सी, भात आणि नेमबाजीची सभागृहे यांत पैसा घातला, त्याला परंपरेने काटकसरी म्हणणे कठीण आहे. यामाउची काटकसर शिकले ते अपयशातून. ग्राहकाला खेळ आवडणे बंद झाले तर कंपनीजवळ विकण्यासारखे दुसरे काहीच उरत नाही, ही जाणीव १९६४ ते १९८० या सोळा वर्षांत पक्की झाली, असे मानण्यास जागा आहे.

फॅमिकॉम : स्वस्त यंत्र, कडक परवाना

१५ जुलै १९८३ रोजी निन्टेंडोने फॅमिली कॉम्प्युटर, म्हणजेच फॅमिकॉम, १४,८०० येन किमतीला बाजारात आणला. मासायुकी उएमुरा यांच्या चमूने त्याची रचना केली होती. प्रतिस्पर्ध्यांना किमान वर्षभर गाठता येणार नाही इतकी किंमत कमी ठेवावी, असा यामाउची यांचा आग्रह होता. त्यासाठी रिको या चिप उत्पादकाला दोन वर्षांत ३० लाख चिप घेण्याची हमी देण्यात आली. त्या काळी जपानमध्ये कोणत्याही घरगुती कन्सोलचा एवढा खप झालेला नव्हता. काटकसरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीच्या इतिहासातील सर्वांत धाडसी खर्च हाच होय. निन्टेंडोचा हात एरवी आखडता असला तरी ज्या एका बाबीवर यंत्राची किंमत अवलंबून असे, तेथे ती पुढचामागचा विचार न करता रक्कम लावी, हे या व्यवहारावरून दिसते.

त्याच वर्षी अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळत होता. अटारीच्या यंत्रासाठी कोणीही खेळ काढू शकत होते. निकृष्ट खेळांचा पूर आला, दुकानदारांनी ते कवडीमोलाने विकले आणि अटारीला १९८३ मध्ये पन्नास कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. निन्टेंडोने या पडझडीचा बारकाईने अभ्यास केला. १९८५ मध्ये अमेरिकेत उतरताना तिने यंत्रात एक कुलपासारखी चिप बसविली. जोडीची चिप कार्ट्रिजमध्ये असल्याखेरीज खेळ चालत नसे. ती चिप निन्टेंडोखेरीज कोणी देत नसे.

या कुलपाभोवती जी परवाना पद्धती उभी राहिली, तिच्यात कंपनीच्या संपत्तीचे खरे रहस्य आहे. परवानाधारकाला वर्षाला पाचच खेळ काढता येत. तो खेळ दोन वर्षे अन्य यंत्रासाठी देता येत नसे. कार्ट्रिज निन्टेंडोकडूनच करून घ्यावी लागत, ठरावीक किमान संख्येने घ्यावी लागत आणि त्यांची किंमत आगाऊ भरावी लागे. खेळ खपला नाही तर पडून राहिलेला माल परवानाधारकाचा; निन्टेंडोला उत्पादनाचा नफा आणि शुल्क आधीच मिळालेले असे. म्हणजे ज्या उद्योगाचे स्वरूपच जुगारासारखे, त्यात निन्टेंडो डाव मांडणाऱ्याच्या जागी बसली आणि पैसे लावण्याचे काम इतरांकडे गेले. पत्त्यांच्या धंद्यातून आलेल्या कंपनीला हे स्थान परके नव्हते.

नाराजी उघडपणे व्यक्त होण्यास वेळ लागला नाही. १९८४ मध्ये अगदी आरंभीच सोबत आलेल्या नाम्को कंपनीला सवलतीच्या अटी मिळाल्या होत्या. १९८९ मध्ये तो करार संपताच नूतनीकरणाच्या अटी कडक झाल्या आणि नाम्कोचे प्रमुख मासाया नाकामुरा यांनी निन्टेंडोच्या मक्तेदारीवर जाहीर टीका केली. १९८८ मध्ये चिपच्या टंचाईमुळे कार्ट्रिजचा पुरवठा अपुरा पडला, तेव्हा कोणाला किती द्यायचे हेही निन्टेंडोच ठरवीत होती. अमेरिकेत किरकोळ विक्रेत्यांनी यंत्राची किंमत ९९.९५ डॉलरखाली आणू नये म्हणून दबाव आणल्याच्या आरोपावरून १९९१ मध्ये तेथील व्यापार आयोग व राज्यांच्या महाधिवक्त्यांशी तडजोड झाली. ग्राहकांना पाच डॉलरची सवलतपत्रे देण्याचे ठरले. ती निन्टेंडोचीच कार्ट्रिज विकत घेताना वापरायची होती! दंडातूनही विक्री वाढावी, असे भाग्य फार थोड्या कंपन्यांना लाभते.

या कुलपाला मर्यादाही होत्या. भारतीय बाजारपेठेत १९९० च्या दशकात ‘व्हिडिओ गेम’ या नावाने विकली गेलेली बरीचशी यंत्रे फॅमिकॉमच्या नकला होत्या. मुंबई-पुण्यातील ज्या मुलांनी त्यांवर मारिओ खेळला, त्यांच्या पालकांच्या खिशातून निन्टेंडोकडे काहीही गेले नाही.

रुळलेल्या तंत्राचा उपयोग

गुनपेई योकोई यांनी आपल्या रचनापद्धतीला दिलेले नाव जपानी भाषेत प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा की, जे तंत्र जुने होऊन स्वस्त आणि खात्रीचे झाले आहे, त्याचा अनपेक्षित ठिकाणी उपयोग करावा. १९८९ चा गेम बॉय हे या विचाराचे ठळक उदाहरण. त्याचा पडदा रंगीत नव्हता, त्याला मागून प्रकाश नव्हता. चिपही त्या काळाच्या मानाने साधीच. पुढच्याच वर्षी आलेल्या सेगाच्या गेम गिअरमध्ये रंगीत, प्रकाशित पडदा होता. परंतु सहा बॅटऱ्या काही तासांतच संपत. गेम बॉय चार बॅटऱ्यांवर कितीतरी अधिक वेळ चालत असे आणि स्वस्तही होता. त्याच्या रंगीत आवृत्तीसह एकूण ११ कोटी ८६ लाखांहून अधिक प्रती खपल्या.

हा विचार अभियांत्रिकीचा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो जमाखर्चाचाही होता. नव्या चिपच्या संशोधनावर पैसा खर्च न करता इतर उद्योगांनी आधीच खर्च करून स्वस्त केलेले सुटे भाग वापरायचे, यात यंत्र पहिल्या दिवसापासून तोट्याशिवाय विकण्याची सोय होती. नियमाला अपवादही घडले. योकोई यांचाच व्हर्च्युअल बॉय १९९५ मध्ये साफ आपटला आणि वर्षभरात बंद झाला. पण कंपनीच्या पायाला त्याने धक्का लागला नाही.

सेगाचे उदाहरण

अपयश सोसण्याची ऐपत नसलेल्या कंपनीचे काय होते, हे सेगाच्या इतिहासातून कळते. १९९० च्या दशकाच्या आरंभी मेगा ड्राइव्ह या यंत्राच्या बळावर सेगाने अमेरिकेत निन्टेंडोला तुल्यबळ टक्कर दिली होती. कल्पकतेत ती निन्टेंडोहून कोठेही कमी नव्हती. परंतु तिची यंत्रे एकामागून एक, एकमेकांना छेद देत बाजारात आली. दोन मुख्य प्रक्रियक असलेला सॅटर्न रचनेने गुंतागुंतीचा आणि म्हणून किंमत उतरविण्यास अवघड होता. मे १९९५ मध्ये अमेरिकेत तो ठरल्या वेळेआधी ३९९ डॉलरला विक्रीस आला आणि सोनीने त्याच वेळी आपल्या प्लेस्टेशनची किंमत २९९ डॉलर जाहीर केली. मार्च १९९८ अखेरच्या वर्षात सेगाला ३५.६ अब्ज येनचा एकत्रित निव्वळ तोटा झाला.

या स्थितीत सेगाने १९९८ मध्ये ड्रीमकास्ट आणला. यंत्र उत्तम होते, खेळही गाजले. ‘शेनमू’ या एकाच खेळावर जाहिरातीसह सुमारे ४.७ कोटी डॉलर खर्च झाल्याचे त्याचे निर्माते यू सुझुकी यांनी पुढे सांगितले. खर्चाची ही पातळी यंत्राच्या खपाशी जुळणारी नव्हती. प्लेस्टेशन २ जवळ येताच ग्राहक थांबले, किंमत उतरवावी लागली, आणि प्रत्येक उतरविलेल्या किमतीबरोबर तोटा वाढला. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने ड्रीमकास्टचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. मार्च २००१ अखेरच्या वर्षातील तोटा ५१.७ अब्ज येन होता. टोकियोतील जवळजवळ एकतृतीयांश कर्मचाऱ्यांना त्याच वर्षी काम गमवावे लागले.

कंपनी त्यानंतरही जिवंत राहिली, कारण तिचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी १९९९ मध्ये स्वतःजवळचे ५० कोटी डॉलर तिला कर्जाऊ दिले होते. मार्च २००१ मधील मृत्यूच्या थोडे आधी त्यांनी हे कर्ज माफ केले आणि सुमारे ६९.५ कोटी डॉलर किमतीचे समभागही परत केले. या औदार्याला उद्योगाच्या इतिहासात तोड नाही. परंतु ज्या कामासाठी निन्टेंडोच्या ताळेबंदात एक रकाना होता, त्याच कामासाठी सेगाला एका मरणासन्न माणसाच्या दानतीवर अवलंबून राहावे लागले, हेही तितकेच खरे.

काटकसरीची किंमत

निन्टेंडोच्या धोरणाचे गुणगान करताना १९९० चे दशक वगळून चालत नाही. सुपर फॅमिकॉमला सीडी वाचणारे उपकरण जोडण्यासाठी तिने सोनीशी करार केला होता. सीडीवरील खेळांच्या परवान्याचे अधिकार त्या करारामुळे सोनीकडे जातात, हे लक्षात आल्यावर यामाउची यांनी माघार घेतली. आणि १९९१ मध्ये सोनीने आपले यंत्र जाहीर केल्याच्या दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने फिलिप्सशी सहकार्याची घोषणा केली. अपमानित सोनीने स्वतःचा कन्सोल काढला. परवाना शुल्काचे राखण करताना निन्टेंडोने आपला सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी स्वतःच निर्माण केला.

पुढची चूक याच जातीची होती. १९९६ चा निन्टेंडो ६४ हा कन्सोल सीडीऐवजी कार्ट्रिजवरच राहिला. खेळ लवकर सुरू होतो आणि नक्कल करणे कठीण जाते, ही कारणे खरी होती. पण कार्ट्रिजचे उत्पादन हा कंपनीच्या उत्पन्नाचा जुना आधार होता, हेही विसरता येत नाही. खेळ तयार करणाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर चित्र उलट दिसे. सीडी अत्यल्प खर्चात निघे आणि मागणी वाढली तर काही दिवसांत नवा माल मिळे. कार्ट्रिज कितीतरी महाग पडे आणि तिची मागणी महिनोन्महिने आधी नोंदवावी लागे. जोखीम इतरांवर टाकण्याची पद्धत इतरांना पर्याय नाही तोवरच चालते. सोनीने पर्याय देताच स्क्वेअर कंपनीने ‘फायनल फँटसी’ मालिकेचा सातवा भाग १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर काढला आणि तिच्या पाठोपाठ अनेकांनी तीच वाट धरली. निन्टेंडो ६४ च्या ३ कोटी २९ लाख प्रती खपल्या, २००१ च्या गेमक्यूबच्या २ कोटी १७ लाख. या दोन्ही पिढ्यांत प्लेस्टेशनने कितीतरी अधिक खप केला.

तरीही या दहा वर्षांत कोणत्याही पूर्ण आर्थिक वर्षात निन्टेंडोला तोटा झाला नाही. गेम बॉय आणि १९९६ पासूनची पोकेमॉन मालिका यांचा त्यात मोठा वाटा होता. पण यंत्र तोट्यात न विकण्याचा जुना दंडकही तितकाच उपयोगी पडला. सप्टेंबर २००३ मध्ये संपलेल्या सहामाहीत कंपनी १९६२ नंतर प्रथमच तोट्यात गेली, आणि त्याला मोठ्या अंशी कारणीभूत ठरली ती स्वतः गंगाजळीच. विक्रीचा फार मोठा भाग जपानबाहेर होत असल्याने रोकडीचा मोठा हिस्सा डॉलर व युरो यांत ठेवलेला असे. येन वधारला की हिशेबात ती रक्कम आक्रसे. मार्च २००९ अखेरच्या विक्रमी वर्षातही विनिमय दरातील फरकापोटी १३३.९ अब्ज येनचे नुकसान नोंदवावे लागले. पडून असलेल्या पैशालाही खर्च असतो, तो असा.

वी आणि प्लेस्टेशन ३

नोव्हेंबर २००६ मध्ये दोन विरुद्ध अर्थनीती समोरासमोर आल्या. सोनीचा प्लेस्टेशन ३ स्वतंत्रपणे विकसित केलेल्या चिपसह, ब्लू-रे उपकरणासह, अमेरिकेत ४९९ व ५९९ डॉलरला आला आणि तरीही उत्पादनखर्चाहून कमी किमतीत विकला जात होता. मार्च २००७ अखेरच्या वर्षात सोनीच्या खेळ विभागाला २३२.३ अब्ज येनचा परिचालन तोटा झाला. निन्टेंडोच्या वी या यंत्राची अंतर्गत रचना गेमक्यूबचीच सुधारित आवृत्ती होती. नावीन्य हालचाल ओळखणाऱ्या नियंत्रकात होते. २४९.९९ डॉलरला विकूनही त्यावर नफा राहत असे. योकोई १९९७ मध्ये निवर्तले होते. त्यांचा विचार मात्र येथे पुन्हा फळाला आला. वीच्या १० कोटी १६ लाख प्रती खपल्या.

या वेळी कंपनीच्या प्रमुखपदी सातोरू इवाटा होते. त्यांची निवड करताना यामाउची यांनी पाहिलेला गुण जमाखर्चाशी संबंधित होता. हाल लॅबोरेटरी ही छोटी खेळनिर्मिती संस्था १९९३ मध्ये दीड अब्ज येनच्या कर्जाखाली बुडण्याच्या बेतात असताना इवाटा तिचे अध्यक्ष झाले आणि सहा वर्षांत त्यांनी ते कर्ज फेडले. कर्जाचा अनुभव असलेल्या एका माणसाने कर्जाचा अनुभव असलेल्या दुसऱ्या माणसाकडे तिजोरीच्या किल्ल्या दिल्या, असेच या सत्तांतराचे वर्णन करावे लागेल.

तोट्याची वर्षे

गंगाजळीची परीक्षा २०११ मध्ये सुरू झाली. फेब्रुवारीत २५,००० येन किमतीला आणलेला थ्रीडीएस हा हातातील कन्सोल अपेक्षेप्रमाणे खपेना. सहा महिने होण्याच्या आत, ११ ऑगस्ट रोजी, त्याची किंमत एकदम १५,००० येनवर आणण्यात आली. एवढ्या कपातीने यंत्र उत्पादनखर्चाहून कमी किमतीत विकावे लागणार, हे उघड होते. ज्यांनी आधी पूर्ण किंमत मोजली त्यांना वीस जुने खेळ विनामूल्य देण्यात आले. इवाटा यांनी स्वतःचे वेतन निम्म्यावर आणले आणि अन्य संचालकांच्या वेतनातही २० ते ३० टक्के कपात झाली. त्याच वर्षी डॉलरचा भाव ८० येनच्याही खाली उतरला होता. मार्च २०१२ अखेर झालेला तोटा हा सुमारे तीन दशकांतील पहिला वार्षिक निव्वळ तोटा होता.

नोव्हेंबर २०१२ चा वी यू त्याहून वाईट निघाला. त्याच्या केवळ १ कोटी ३५ लाख प्रती खपल्या. मार्च २०१४ अखेरच्या वर्षात परिचालन तोटा ४६.४ अब्ज येन झाला. हे परिचालन तोट्याचे सलग तिसरे वर्ष. सेगाला ज्या टप्प्यावर व्यवसाय सोडावा लागला, साधारण त्याच टप्प्यावर निन्टेंडो उभी होती. फरक इतकाच की तिच्याजवळ कित्येकशे अब्ज येनची रोकड होती आणि देणेकरी जवळजवळ नव्हते.

भागधारकांचा रोष साहजिक होता. आपला पैसा कंपनीच्या तिजोरीत अल्प व्याजावर पडून आहे, तो लाभांशाच्या रूपाने वाटावा. मारिओ स्मार्टफोनवर आणावा. खर्च कमी करण्यासाठी माणसे कमी करावीत, अशा सूचना या वर्षांत सातत्याने होत राहिल्या. जून २०१३ च्या वार्षिक सभेत इवाटा यांनी नोकरकपातीस स्पष्ट नकार दिला. काही काळ आकडे सुधारतील, परंतु आपली नोकरी केव्हाही जाईल या भीतीखाली काम करणारी माणसे लोकांच्या मनाला भिडणारे खेळ तयार करू शकणार नाहीत, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी पुन्हा आपले वेतन निम्मे केले. या भूमिकेचा गौरव पुष्कळ झाला आहे. त्याला एक तळटीप जोडणे न्याय्य ठरेल : २०१४ मध्येच जर्मनीतील युरोपीय मुख्यालयाच्या पुनर्रचनेत सुमारे १३० जणांना नोकरी गमवावी लागली. क्योटोतील खेळ घडविणाऱ्यांना मिळालेले अभय त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही.

भागधारकांच्या तक्रारीत मात्र अर्धसत्य होते. ही गंगाजळी काही अंशी त्यांच्या न वाटलेल्या लाभांशातून, काही अंशी १९८० च्या दशकातील परवानाधारकांच्या आगाऊ रकमांतून आणि काही अंशी चढ्या किमती मोजणाऱ्या ग्राहकांच्या खिशातून जमली होती. तिचा लाभ तोट्याच्या वर्षांत कर्मचाऱ्यांना आणि व्यवस्थापनाला झाला. हे वाटप न्याय्य होते का, याविषयी मतभेद होऊ शकतात. तोट्याच्या काळातही गंगाजळी वापरण्याची जी उदाहरणे दिसतात, त्यांतून व्यवस्थापनाने तिच्याकडे कसे पाहिले याचा अंदाज येतो. सप्टेंबर २०१३ मध्ये हिरोशी यामाउची यांचे निधन झाले. त्यांचे समभाग बाहेर जाऊ नयेत अशा रीतीने फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने बाजारातून सुमारे ९५ लाख समभाग ११४ अब्ज येनला परत घेतले. मार्च २०१५ मध्ये डीएनए या मोबाइल खेळांच्या कंपनीशी प्रत्येकी २२ अब्ज येनच्या समभागांची देवाणघेवाण झाली आणि स्मार्टफोनचा मार्ग खुला झाला. तोही दुसऱ्याच्या तांत्रिक यंत्रणेच्या आधारे, स्वतः नवा पसारा न मांडता.

सर्वांत महत्त्वाचा खर्च यापूर्वीच सुरू झाला होता. घरातील यंत्र आणि हातातील यंत्र यांचे संशोधन करणारे दोन स्वतंत्र विभाग २०१३ मध्ये एकत्र करण्यात आले. तोट्याच्या वर्षांत दोन यंत्रांचा विकासखर्च एकावर आणणारा हा निर्णय होता. त्याच वेळी पुढच्या यंत्राचे भवितव्य एकाच डावावर लावणाराही होता. इवाटा यांचे ११ जुलै २०१५ रोजी निधन झाले. त्यांच्या हयातीत आखलेला स्विच हा कन्सोल ३ मार्च २०१७ रोजी २९,९८० येनला विक्रीस आला. त्यातील मुख्य चिप एनव्हिडिया कंपनीने टॅबलेटसारख्या उपकरणांसाठी आधीच विकसित केलेल्या कुळातील होती. स्विचचा खप पुढे १५ कोटींच्या पलीकडे गेला आणि मार्च २०२१ अखेरच्या वर्षात निन्टेंडोचा परिचालन नफा ६४०.६ अब्ज येनवर पोहोचला. त्या वर्षीच्या ताळेबंदातही बँकेचे कर्ज नव्हते.